संगणकात आधीपासून काय असावं?

नव्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसलं की पहिल्याच पडद्यावर भाषा विचारली जाते. बहुतेक लोक यादी न वाचता इंग्रजीवर क्लिक करून पुढं जातात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन विषय शिकवते. त्यामुळं ती यादी मी थांबून वाचते. मराठी सापडते. उर्दूही सापडते, पण कित्येक जुन्या याद्यांत उर्दूपुढं कंसात एकच नाव असतं, पाकिस्तान.

उर्दू ही भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे. आमच्या मुलांच्या हातातली उर्दू पाठ्यपुस्तकं बालभारती पुण्यात तयार करते. आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातल्या मुलीला शाळेच्या संगणकावर उर्दूत निबंध लिहायचा असेल, तर तिनं आधी शेजारच्या देशाचं नाव निवडायचं. एरवी आम्हाला त्या देशाचं नाव कोण, कधी आणि कशासाठी ऐकवतं, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. यादी करणाऱ्यानं हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यासमोर आमची शाळा नव्हती, एवढंच. संगणकात आधीपासून काय असावं हे ठरत असताना जे हजर असतात, त्यांची भाषा आत जाते. बाकीच्यांनी मागाहून येऊन सेटिंग शोधत बसायचं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी आमच्या शाळेसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतंत्र इमेज तयार केली. इमेज म्हणजे इथं चित्र नव्हे. पेन ड्राइव्हवरून संगणकात जी सिस्टीम टाकतात, तिची संपूर्ण प्रत एकाच फायलीत बंद केलेली असते, तिला इमेज म्हणतात. मी तिला साचा म्हणते. कुंभारवाड्यात गणपतीचा साचा एकदा नीट झाला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीचं नाक सरळ येतं. साच्यातच नाक वाकडं असेल तर शंभर मूर्तींची नाकं एकेक करून घासत बसावी लागतात. शाळांच्या संगणक कक्षात आपण वर्षानुवर्षं ही घासाघास करत आलो आहोत.

आमच्या कक्षात १४ संगणक आहेत. एका कार्यालयानं नवे घेतले, तेव्हा हे जुने आम्हाला मिळाले. प्रत्येकात ४ जीबी रॅम. मिळाले तेव्हा त्यांत विंडोज ७ होतं, तेही गावातल्या एका कारागिरानं कुठून तरी आणलेल्या प्रतीतून टाकलेलं. अशा प्रतींत अपडेट बंद करून ठेवलेले असतात, कारण अपडेट चालू राहिले तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तसाही विंडोज ७ चा सुरक्षा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यामानानं नवा प्रोसेसर लागतो. आमच्या संगणकांत दोन्ही नाही. म्हणजे यंत्रं चालू आहेत, पंखे फिरतायत, पण कंपनीच्या लेखी त्यांचं वय झालेलं.

अपडेट नसले तर काय बिघडतं, असं शाळेत मला विचारलं गेलं. "मुलं टायपिंगच तर करतात." याचं उत्तर म्हणून मी दोन तारखा सांगते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा इंटरनेटवर पसरला. विंडोजमधली जी फट वापरून तो आत शिरायचा, ती बुजवणारं अपडेट जुलैमध्येच आलं होतं. पण जुन्या सीडीवरून एक्सपी नव्यानं टाकून ते अपडेट उतरवायला कुणी इंटरनेट जोडलं, की अपडेट पूर्ण उतरायच्या आत किडा संगणकात हजर असायचा. कुठल्याही फायलीवर क्लिक करावं लागत नसे, नुसतं जोडलेलं असणं पुरे होतं. म्हणून त्या काळी जाणकार लोक अपडेट आधीच सीडीत मिसळून नवी सीडी बनवायला लागले. अद्ययावत इमेज बनवण्याची पद्धत अशा गरजेतून रुजली.

दुसरी तारीख १२ मे २०१७. त्या दिवशी वॉनाक्राय सुरू झाला. लोकांच्या फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागायचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना त्या दिवसांत रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. त्याही वेळी फट बुजवणारं अपडेट १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं, त्यांच्याकडं तो त्या फटीतून शिरू शकला नाही. आमच्या संगणकांवर मुलांचे निकाल आहेत, हजेरी आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत. यातलं काही कुलूपबंद झालं तर खंडणी द्यायला आमच्याकडं पैसे नाहीत आणि दुसरी प्रतही नाही.

आता हिशोब बघा. सिस्टीम नव्यानं टाकली की मागच्या महिन्यांतले अपडेट, ऑफिसचं पॅकेज, फॉन्ट, भाषा असं धरून एका संगणकाला कमी-जास्त एक जीबी डेटा लागतो. १४ संगणकांना १४ जीबी. शाळेचं इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी. म्हणजे नऊ-दहा दिवस, तेही वीज गेली नाही तर. त्यानंतर प्रत्येक संगणकावर हातानं कीबोर्ड निवडा, फॉन्ट निवडा, आणि चौदावा संपेपर्यंत पहिल्याला पुन्हा अपडेट आलेले. हे सगळं एकदाच करून साच्यात ओतलं तर डेटा एकदाच लागतो. पुढं पेन ड्राइव्ह घेऊन एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायचं.

साचा बनवायचे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे एक संगणक वापरून, सजवून तयार करायचा आणि त्याची जशीच्या तशी नक्कल बाकीच्यांवर उतरवायची. हे सोपं वाटतं, पण त्या संगणकात जे-जे साचलंय ते सगळं नकलेत येतं. जुना पासवर्ड, वायफायची किल्ली, ब्राउझरमध्ये कुणी काय शोधलं, कुणाचं आधार कार्ड डाउनलोडमध्ये राहिलं, सगळं. यंत्राची अंतर्गत ओळखही सगळीकडं एकच होते. विंडोजमध्ये असं करण्याआधी सिसप्रेप नावाचं साधन चालवून ती ओळख पुसतात, ते यासाठीच. दुसरा मार्ग म्हणजे मूळ कोरी इमेज घ्यायची, ती न वापरता उघडायची, आत हवे ते बदल करायचे आणि पुन्हा बंद करायची. मी हा मार्ग घेतला. मुलींच्या कक्षातल्या यंत्राचं पोट दुसऱ्या १३ यंत्रांत ओतायला मला नको होतं.

सिस्टीम म्हणून लिनक्स मिंटची २२ वी मालिका निवडली, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ही मालिका २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबीच्या यंत्रावर ती निवांत चालते. परवाना असा आहे की कितीही प्रती करा, कुणालाही द्या. वर्गात अमानत या शब्दाचा अर्थ शिकवायचा आणि शेजारच्या खोलीत कुलूप तोडून आणलेली सिस्टीम चालवायची, ही अडचण आपोआप मिटली.

मूळ इमेज उतरवल्यावर पहिलं काम तपासणीचं. उतरवताना एखादा तुकडा बिघडलेला असू शकतो, किंवा वाटेत कुणी फाईल बदललेली असू शकते. त्यासाठी प्रत्येक इमेजसोबत ६४ अक्षरांची एक खूण जाहीर केलेली असते. आपल्या संगणकावर एक आज्ञा दिली की हातातल्या फायलीची खूण निघते. दोन्ही जुळल्या तर प्रत शाबूत. कित्येक अब्ज बिटांपैकी एक जरी बदललं तरी खूण ओळखू न येण्याइतकी बदलते. नववीच्या मुलांना हे सांगताना मला फार शब्द लागले नाहीत. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजेत हाफिज कुरआन पढतो आणि मागं 'सामे' उभा असतो, ज्याचं काम फक्त ऐकायचं. एक जेर-जबर इकडंतिकडं झाली की मागून दुरुस्ती येते. मुलं म्हणाली, "मग ही खूण म्हणजे सामे." पण ती खूण तरी खरी कशावरून, असं एकानं विचारलं. त्यासाठी तिच्यावर बनवणाऱ्यांची डिजिटल सही असते. कुणाकडून कुणाकडं आलं याची सनद. हेही त्यांना लगेच समजलं.

मग क्यूबिक नावाचं मोफत साधन. ते मूळ इमेज उघडतं आणि आतल्या दाबून बंद केलेल्या सिस्टीममध्ये आपल्याला प्रवेश देतं. आपण आपल्याच संगणकावर बसलेलो असतो, पण त्या खिडकीत जी आज्ञा देऊ ती त्या बंद सिस्टीमला लागू होते, आपल्या यंत्राला धक्का लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरात राहायला जायच्या आधी वायरिंग करून घ्यावं, तसं. आत गेल्यावर पहिल्या दोन आज्ञा अपडेटच्या. त्या दिवसापर्यंतची सगळी सुरक्षा त्यात आली. मग नको असलेले कार्यक्रम काढले. लिबरऑफिस ठेवलं, त्याला मराठीची जोड दिली. लहान मुलांसाठी जीकॉम्प्रि आणि टक्सपेंट टाकले. मराठी आणि उर्दू विकिपीडियाच्या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या प्रती साच्यात घातल्या नाहीत. साचा जड होतो. त्या कीविक्सच्या फायली म्हणून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवल्या.

लिनक्समध्ये स्केल नावाचा एक फोल्डर असतो. स्केलेटन म्हणजे सांगाडा, त्यावरून आलेलं नाव. नवा वापरकर्ता तयार झाला की त्याचं घर या सांगाड्यावरून उभं राहतं. त्यात जे ठेवाल ते प्रत्येकाला पहिल्या मिनिटापासून मिळतं. मी तिथं तीन फोल्डर केले. एकाचं नाव उर्दूत, एकाचं मराठीत, एकाचं इंग्रजीत.

आता फॉन्ट. पहिल्या चाचणीत पडद्यावर उर्दू मजकूर आला तेव्हा दहावीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, ये तो सिपारे जैसा दिख रहा." तिचं बरोबर होतं. संगणकानं अरबी लिपीसाठी आधीपासून ठरलेला नस्ख वळणाचा फॉन्ट लावला होता. आमची मुलं कुरआन नस्खमध्ये वाचतात आणि उर्दू नस्तालिकमध्ये. नस्तालिक तिरकी उतरत जाते, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसतात. यंत्राला ती नेहमीच अवघड गेली. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हातानं लिहून नूरी नस्तालिक तयार केली, तेव्हा कुठं १९८१ मध्ये 'जंग' दैनिक संगणकीय जुळणीवर निघू शकलं. तोवर उर्दू दैनिकांचा मजकूर कातिब हातानं लिहीत. आज नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतो. मी तो घातला आणि एका छोट्या फायलीत नियम लिहिला की मजकूर उर्दू असेल तर आधी हाच लावायचा. आणखी एक लोकप्रिय उर्दू फॉन्ट मुलांना जास्त आवडतो, पण तो वाटण्याची परवानगी मला कुठं स्पष्ट लिहिलेली दिसली नाही. म्हणून तो साच्याबाहेर ठेवला.

कीबोर्डची गोष्ट याहून नाजूक आहे. उर्दूचा कीबोर्ड न मिळाल्यानं कुणी अरबीचा घेतला, तर बरंचसं लिहिता येतं. टे, डाल, डे, नून-गुन्ना अडतात, पण 'यास्मीन' किंवा 'काशिफ' पडद्यावर अगदी बरोबर दिसतं. दिसतं तेवढंच. युनिकोडमध्ये अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' यांचे क्रमांक वेगळे आहेत, तसेच अरबी 'काफ' आणि उर्दू 'काफ' यांचेही. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये दोन्ही सारखीच दिसतात. डोळ्याला एक नाव, यंत्राला दोन. मग यादीत 'यास्मीन' शोधली की अर्ध्या यास्मीन सापडतात आणि अर्ध्या सापडत नाहीत. यादी शिष्यवृत्तीची असेल तर न सापडलेल्या मुलीचं काय होतं, याचा अंदाज करा. ती वर्गात असते, हजेरीत असते आणि शोधात नसते.

लिनक्समध्ये कीबोर्डांची यादी देशांप्रमाणे लावलेली आहे. भारताचा गट उघडला की तिथं मराठीचा इनस्क्रिप्ट आहे आणि त्याच यादीत खाली उर्दू फोनेटिकही आहे. भाषा-प्रदेश निवडतानाही उर्दू दोन ठिकाणी आहे, पाकिस्तानची वेगळी आणि भारताची वेगळी. भारताची उर्दू घेतली की चलनाच्या जागी आपल्या रुपयाचं चिन्ह येतं. लिबरऑफिसमध्येही मजकुराची भाषा 'उर्दू, भारत' अशी निवडता येते. मी साच्यात तीच ठेवली. आमच्या कक्षातला कुठलाही संगणक आता मुलांना त्यांचा देश विचारत नाही. तो आधीच भरलेला आहे.

मराठीच्याही अशाच बारीक गोष्टी असतात. देवनागरी आली म्हणजे मराठी आली असं होत नाही. मराठीतले ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, या दोन शब्दांतला फरक त्या छोट्या अर्ध्या र वर उभा आहे. इनस्क्रिप्टमध्ये र च्या बटणाबरोबर शिफ्ट दाबलं की तो ऱ मिळतो, ल च्या बटणाबरोबर शिफ्ट दाबलं की ळ. माझी मुलं घरात दखनी बोलतात, ळ त्यांच्या जिभेवर उशिरा येतो. पण बोटांना तो आधी सापडला, हे मी पाहिलंय. उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्हींमध्ये फिरायला एक बटण ठरवून दिलं आणि तेही साच्यात घातलं.

राहिला मोठा वाद. मेनू कुठल्या भाषेत ठेवायचे? साच्यात एकच भाषा आधीपासून ठेवता येते. हेडसरांचं म्हणणं इंग्रजी. पालकांचंही तेच. एक सहकारी सर तर स्पष्ट म्हणाले, "मॅडम, उद्या ही पोरं एमएस-सीआयटीला जाणार, नोकरीला जाणार. तिथं विंडोज आणि इंग्रजीच असणार. तुम्ही त्यांना मोहल्ल्यातच ठेवताय." या बोलण्यात काळजी होती, म्हणून मी ते गांभीर्यानं घेतलं. दोन संगणकांवर उर्दू मेनू ठेवले, दोनांवर मराठी आणि बाकीच्यांवर इंग्रजी. आठवडाभर मुलांना हवं तिथं बसू दिलं.

मुलं इंग्रजी मेनूकडं गेली. मोफत प्रणालींचे अनुवाद स्वयंसेवक करतात आणि उर्दूला हात कमी आहेत. त्यामुळं मेनू अर्धा उर्दू, अर्धा इंग्रजी दिसायचा. शिवाय 'सेव्ह'ला पुस्तकी प्रतिशब्द वाचला की मुलं अडखळायची. 'सेव्ह' त्यांना मोबाईलमुळं आधीच माहीत होता. मात्र लिहायची वेळ आली की एकही मूल इंग्रजीकडं गेलं नाही. कुणी उर्दूत शायरीचे दोन शब्द लिहिले, कुणी क्रिकेटच्या संघाची यादी केली, दोघींनी मराठीत एकमेकींना चिठ्ठ्या लिहिल्या. मेनूची भाषा म्हणजे दुकानाची पाटी, ती कुठल्याही भाषेत असली तरी चार दिवसांत ओळखीची होते. लिहायची भाषा मात्र आपलीच लागते. मी मेनू इंग्रजी ठेवले, आणि अक्षरं, फॉन्ट, कीबोर्ड तिन्ही भाषांचे. सहकारी सरांचं समाधान झालं, माझंही झालं.

मोहल्ल्यात ठेवण्याबद्दल मात्र मला आणखी एक सांगायचंय. जानेवारीत नववीतली एक मुलगी सुट्टीनंतर कक्षात थांबली. तिच्या आईला तहसीलमध्ये निराधार योजनेसाठी अर्ज द्यायचा होता. आईला उर्दू वाचता येते, मराठी वाचता येत नाही. अर्ज मराठीत द्यायचा. तहसीलबाहेर टाइप करून देणारे बसतात, पानाचे पैसे घेतात, आणि आपण काय सांगितलं आणि त्यांनी काय लिहिलं हे आईला कधीच कळत नाही. मुलीनं अर्ज स्वतः मराठीत टाइप केला. दोन ठिकाणी मला विचारलं, 'उदरनिर्वाह'चा ऱ्हस्व-दीर्घ आणि 'मयत' की 'मृत'. मग त्याच फायलीच्या दुसऱ्या पानावर तोच मजकूर उर्दूत लिहिला, आईला वाचता यावा म्हणून. पहिलं पान तहसीलला, दुसरं घरी. अंगठा उठवायच्या जागी आईनं वाचून सही केली. हे मोहल्ल्यात राहणं आहे की बाहेर पडणं, हे तुम्हीच सांगा.

साचा तयार झाल्यावर तो लगेच यंत्रात टाकला नाही. आधी संगणकातच एक आभासी संगणक उघडून त्यात चालवून पाहिला, मग एका यंत्रावर, मग बाकीच्यांवर. एका यंत्राला साधारण अर्धा तास लागतो. दोन दिवसांत १४ यंत्रं झाली आणि त्या दोन दिवसांत इंटरनेटची गरज पडली नाही. नंतर आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतल्या बाईंनी पेन ड्राइव्ह मागितला. त्यांच्याकडं सहा यंत्रं बंद पडून होती. त्यांनी उर्दूचा कीबोर्ड काढून टाकला का, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "राहू दिला. पोरं आपापली नावं उर्दूत कशी दिसतात ते बघत बसतात." वर्गात एक-दोन मुलं आपल्याकडची आहेत, ती इतरांना लिहून देतात म्हणे.

हे काम काही मी नव्यानं शोधलेलं नाही. केरळमध्ये काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची सिस्टीम तयार करते, तिच्यात मल्याळम आणि शाळेला लागणारे कार्यक्रम आधीपासून असतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली आणली. म्हणजे अख्ख्या राज्यासाठी साचा करता येतो. महाराष्ट्रात उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी अशा कित्येक माध्यमांच्या शाळा आहेत. त्या सगळ्यांच्या भाषा आधीपासून असलेला एक साचा करायला पैशांपेक्षा इच्छा जास्त लागेल.

एक गोष्ट विसरून चालत नाही. साचा शिळा होतो. ऑक्टोबरचा साचा ऑक्टोबरपर्यंतच अद्ययावत असतो. नोव्हेंबरमध्ये नवी फट सापडते, नवं अपडेट येतं. आधी टाकलेली यंत्रं महिन्यातून एकदा हॉटस्पॉटला जोडून थोडी-थोडी ताजी करतो, पण नव्यानं टाकायचं यंत्र आलं तर जुना साचा वापरणं म्हणजे पुन्हा तीच जुनी सीडी. म्हणून मी फायलीच्या नावातच महिना आणि वर्ष लिहिते आणि दर सहा महिन्यांनी नवा साचा बनवायचा नेम केलाय.

पुढचा साचा मेच्या सुट्टीत होईल. या वेळी नववीतल्या तीन मुली आणि एक मुलगा सोबत बसणार आहेत. त्यांना मी एक वही दिली आहे, नव्या साच्यात काय हवं ते लिहून ठेवायला. परवा उघडून पाहिली. उर्दू-मराठी शब्दकोश हवा. अर्जांचे नमुने हवेत, दोन्ही भाषांत. बुद्धिबळ हवं. कुणी तरी ३० पर्यंतचे पाढे मागितलेत आणि खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलंय, "पाढे नकोत."